डांबर पडायच्या आत

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. उन्हाळा लागता लागता तिथे जगभरातले सायकलवाले जमतात, घसघशीत प्रवेश फी भरतात आणि 200 मैल, म्हणजे आपले सुमारे 320 किलोमीटर, खडीच्या रस्त्यावरून सायकल दामटतात. 2006 साली मूठभर हौशी लोकांनी सुरू केलेल्या या शर्यतीचं आजचं नाव 'अनबाउंड ग्रॅव्हल'. तिथल्या टेकड्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात, आणि फ्लिंट हा गारगोटीच्या जातीचा दगड टायर चिरण्यात पटाईत आहे. भर उन्हात, धुळीनं माखून, फाटकं टायर कसंबसं जोडून माणसं शेवटची रेषा ओलांडतात आणि आनंदानं रडतात.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला कौतुकानं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो भोर तालुक्यातला. म्हणाला, "एवढ्यासाठी विमानानं कशाला जायचं साहेब? आमच्या गावाला चला की."

त्याचं म्हणणं रास्त होतं, पण दोन खड्यांत फरक आहे. कॅन्ससमध्ये जमिनीची मोजणी मैलामैलाचे चौकोन पाडून झाली आणि त्या चौकोनांच्या कडेनं रस्ते गेले. त्यांतल्या बहुतेकांवर दिवसाकाठी एखादा शेतकरी जाणार, त्याच्यासाठी डांबर कोण ओतणार? म्हणून तिथे खडीच टाकतात आणि तीच नीट राखतात. त्यांची खडी हे धोरण आहे. आपली खडी हा टप्पा आहे. आधी मुरूम, मग खडीकरण, मग डांबरीकरण असा क्रम कागदावर असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधे पावसाळा येतो, आचारसंहिता येते, बिल अडकतं, ठेकेदाराचा रोलर दुसऱ्या तालुक्यात जातो आणि तिथेच रमतो. तेवढ्यात गावात जन्मलेलं मूल दहावीला बसतं. या मधल्या काळात जो रस्ता असतो, तो जगातला अव्वल दर्जाचा ग्रॅव्हल मार्ग होय. फक्त ते गावकऱ्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

या सगळ्याचा मूळ पुरुष म्हणजे जॉन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ. 1816 साली ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याचं म्हणणं साधं होतं: खाली मोठे धोंडे घालायची गरज नाही, लहान लहान, कोनदार फोडलेली खडी पसरा, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा, पाणी बाहेर काढा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी खडी एकमेकींत अडकून बसेल. ती बसलीही. पुढे मोटारी आल्या आणि त्यांच्या रबरी चाकांनी खडीतली बारीक भुकटी उपसून काढली, धूळ उडाली, तेव्हा 1902 साली एडगर हूली या वेल्श माणसानं खडीत डांबर कालवण्याचं पेटंट घेतलं. जग पुढे गेलं. आपल्याकडे मॅकॅडम अजून सरकारी नोकरीत आहे. 'डब्ल्यूबीएम रस्ता' हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि त्या तीन अक्षरांतलं शेवटचं अक्षर याच गृहस्थाचं. ग्रामपंचायतीच्या ठरावात दोनशे वर्षं टिकलेला दुसरा स्कॉटिश माणूस माझ्या ऐकिवात नाही.

आता सायकल. ग्रॅव्हल बाइकला शर्यतीच्या सायकलचं वाकडं हँडल असतं, डिस्क ब्रेक असतात, चढासाठी अगदी हलके गिअर असतात आणि टायर साधारण 40 ते 45 मिलिमीटर रुंद असतं. आपल्याकडे क्रशरवर 'चाळीसची खडी' मिळते, तीही 40 मिलिमीटरची. म्हणजे सामना बरोबरीचा. खालच्या थराला साठ-ऐंशीची अंथरतात. त्या थरावर काम थांबलं असेल, तर लाखभराची सायकल हातात धरून चालायचं असतं. चालताना चेहऱ्यावर निसर्ग बघायला उतरल्याचा भाव ठेवावा, असा आमच्या गटाचा प्रघात आहे.

आमच्या गटात बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक काका आहेत, दोन संगणकवाले आहेत, एक दंतवैद्य आहे आणि मी. कपडे सगळ्यांचे सारखे: अंगाला चिकटणारे, आणि पन्नाशीनंतर माणसानं लोकांसमोर घालू नयेत असे. या वेशात आम्ही नसरापूरहून मार्गासनीकडे वळतो आणि चहाच्या टपरीवर थांबतो. तिथे सायकलची उलटतपासणी होते. ती नेहमी एकाच क्रमानं होते, त्यामुळे उत्तरं पाठ आहेत. फक्त ती समाधानकारक नाहीत.

"हिला स्टँड नाही?"

"नाही."

"मग उभी कशी करता?"

"भिंतीला टेकवतो."

"मडगार्ड?"

"नाही."

"कॅरिअर नाही, घंटी नाही, चेनकव्हर नाही. अन् हे हँडल मेंढ्याच्या शिंगावानी वाकडं कशापायी?"

"वारा कमी लागतो."

इथे तो माणूस आमच्या पोटाकडे बघतो. बोलत काही नाही. मग मुद्द्याचं विचारतो, "केवढ्याला पडली?"

हा क्षण अवघड असतो. काका खरं सांगतात, कारण हयात बँकेत गेली. संगणकवाले आकडा इंग्रजीत, तोही तोंडातल्या तोंडात सांगतात. दंतवैद्य म्हणतो, "मित्रानं दिली." खरा आकडा कळला की टपरीवर जी शांतता पसरते, तिच्यात आदर नसतो. कुणीतरी हळहळून म्हणतं, "बुलेट आली असती." दुसरा म्हणतो, "दोन म्हशी." तिसरा सगळ्यात व्यवहारी. तो म्हणतो, "एवढे पैशे दिले अन् स्टँड बी नाय दिला?"

एक गोष्ट आता नोंदवायला हवी. खेड्यात सायकल कुणी चालवत नाही. गडी माणसं फटफटीवर असतात, दूध पिकअपमधून जातं. ऍटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. खोऱ्यात आता सायकलवर दिसतात त्या फक्त शाळेच्या मुली. सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली, पुढे टोपली, मागे दप्तर, दोन वेण्या. पाबे घाटाच्या अलीकडे अशा तिघीजणी आमच्या बाजूनं चालल्या होत्या. त्यांतल्या एकीनं काकांना फार आपुलकीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला पण शाळेतून मिळाली का?" काकांनी त्यानंतर वेल्ह्यापर्यंत तोंड उघडलं नाही.

पाबे घाट ही या भागातली उत्तम जागा. खडकवासल्याच्या कडेनं खानापूर, तिथून रांजणे, मग डोंगर चढून पलीकडे वेल्हे. चढताना मागे सिंहगड, माथ्यावर गेलं की समोर तोरणा आणि बाजूला राजगड. स्वराज्याची सुरुवात इथून का झाली, हे पुस्तकापेक्षा गिअर संपल्यावर लवकर कळतं: कुणी पाठलागावर आलाच, तर तो इथवर पोचेपर्यंत आपलं जेवण होऊन जातं. बारा मावळं म्हणतात ती मुळात खोरीच. कानंद खोरं, गुंजण खोरं, मोसे खोरं, मुठे खोरं, पौड खोरं, पवन मावळ, हिरडस मावळ. बहुतेक नावं नद्यांची किंवा गावांची. प्रत्येक खोऱ्यात नदीकाठानं एक सपाट वाट आणि दोन खोऱ्यांच्या मधे एक खिंड. युरोपात असे मार्ग आखायला समित्या बसतात. इथे नद्यांनी ते काम फुकट करून ठेवलंय.

खिंडींबद्दल मात्र स्थानिक माहितीवर विसंबू नये. डोंगरातल्या माणसाला चढ दिसत नाही. तो त्यातच वाढलेला असतो. "पुढे घाट आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "छे, घाट कुठला? जरा चढ आहे." 'जरा चढ' म्हणजे छातीत धडधड. 'थोडा चढ' म्हणजे सायकल हातात. आणि एखाद्या म्हातारबाबांनी वर बघून स्वतःहून "चढ आहे बरं का" असं म्हटलं, तर तिथूनच घरी परत फिरावं. अंतराचंही तसंच. "हे काय, हितंच" हे अंतर माणूस सांगताना बसलेला आहे की उभा, यावर अवलंबून असतं. बसून सांगितलं तर दुप्पट धरा.

वेल्ह्याहून पुढे पासलीवरून केळद गाठलं की मढे घाटाचा कडा लागतो. सह्याद्री तिथे संपतो आणि थेट खाली कोकण दिसतं. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव उमरठला याच वाटेनं नेलं, असं या भागात सांगतात. खाली उतरणारी वाट बैलांची आणि माणसांची, चाकांची नव्हे. तरीही सायकल खांद्यावर घेऊन उतरणारे वीर आहेत. हा वेडेपणा नवा नाही. इंग्लंडात 1955 साली 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची मंडळी केवळ याच हौसेसाठी एकत्र आली आणि टाय बांधून, गुडघ्यापर्यंत मोजे चढवून डोंगरातून सायकली वाहून नेऊ लागली. आमच्यातल्या एका संगणकवाल्यालाही कड्यावर स्फुरण चढलं होतं. खाली डोकावल्यावर ते उतरलं, आणि मग त्यानं पिठलं-भाकरीची चौकशी केली. पिठलं-भाकरी मात्र खरोखर हितंच होती.

खोऱ्यांची दुसरी खूण म्हणजे धरणं. मोसे नदीवर वरसगाव, आंबीवर पानशेत, मुठेवर टेमघर, वेळवंडीवर भाटघर. प्रत्येक नदीला अडवून पुण्याची नाहीतर उसाची तहान भागवलेली. जुने रस्ते नदीकाठचे, ते पाण्याखाली गेले. नवे रस्ते पाण्याच्या कडेनं डोंगराच्या पोटातून फिरत जातात. समोरच्या काठावरचं गाव इतकं जवळ दिसतं, की तिथल्या बाईनं फोडणी दिली तर वास यावा. आणि रस्त्यानं जायचं तर सगळं पाणी वळसा घालून अर्धा दिवस. सायकलवाल्याला हे वळसे फार आवडतात. ज्यांची लेक समोरच्या काठावर दिली आहे, त्यांना विचारू नये.

मे महिन्यात पाणी आटतं आणि गंमत होते. भाटघरच्या पोटातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, जुने बांध आणि वाटा वर येतात, भेगाळलेल्या गाळावरून सायकल सुरेख पळते. हँडलवरच्या यंत्राला हे मंजूर नसतं. त्याच्या नकाशात धरण बारमाही भरलेलं, त्यामुळे त्या दिवशीच्या नोंदीत आमचा सगळा गट निळ्या रंगाच्या मधोमध होता. काकूंनी घरी बसल्या फोनवर ते पाहिलं आणि लगेच फोन केला. काळजी काकांची नव्हती. गाडीची किल्ली त्यांच्या खिशात होती.

जंगलातले रस्ते हा वेगळा विषय आहे, आणि तिथे कायदा पाळावा. भीमाशंकर काय, ताम्हिणी काय, ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या फाटकातून परवानगीशिवाय आत शिरू नये आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावं. आत खरं तर सायकलपेक्षा पायी जास्त दिसतं. भीमाशंकरच्या झाडांत शेकरू आहे, आपला राज्यप्राणी, चांगली लांबलचक झुपकेदार शेपटी. मी दंतवैद्याला विचारलं, "दिसलं का?" तो म्हणाला, "नाही, पण त्या चढावर माझी नाडी 172 होती." त्याच्याजवळ त्याचा आलेख आहे. शेकराजवळ नाही.

पण सह्याद्रीतली सगळ्यात सुबक, सगळ्यात दाबून बसवलेली, दोन्ही कडांना पांढरे दगड लावलेली खडी ना वनखात्याची असते ना ग्रामपंचायतीची. ती प्लॉटवाल्यांची असते. मुख्य रस्ता सोडून ती अशी काही लाडात वळते, की सायकल आपोआप तिकडे जाते. दोन किलोमीटर स्वर्ग. मग कमान, कमानीवर कुठल्यातरी इंग्रजी दरीचं नाव, आडवा बांबू आणि खुर्चीवर रखवालदार. तुमचं यंत्र ठामपणे सांगत असतं की वाट पुढे खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात जाते. रखवालदार तितक्याच ठामपणे सांगतो की पुढे फक्त फेज टू जातो. वाद घालू नये. त्याला पाणी मागावं. ते तो देतो, आणि पाणी पिईपर्यंत सात-बारा स्वतंत्र असल्याचंही सांगतो.

बिघाडांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला लागलं की सायकलवाले थांबत नाहीत. बाभळीचा काटा कुठल्याही देशाच्या टायरला समान न्यायानं वागवतो. म्हणून हल्ली ट्यूबच काढून टाकतात आणि आत एक पांढरा द्राव भरतात; भोक पडलं की तो स्वतःच बाहेर येऊन सुकतो आणि भोक बुजवतो. बुजवलं नाही, तर गावातल्या पंक्चरवाल्याकडे जावं लागतं. तो वॉल बघतो, बोटानं हलवतो, आपल्या पंपाची नळी लावून बघतो. ती लागत नाही, कारण या सायकलींचे वॉल बारीक, परदेशी जातीचे. एक पितळी जोड मिळतो, फार स्वस्त. तो सगळ्यांच्या घरी ड्रॉवरमध्ये असतो.

सायकल मोडलीच तर काय करायचं, याचा आदर्श युजीन क्रिस्तोफ या फ्रेंच शर्यतवीरानं घालून दिला आहे. 1913 च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे सगळे डोंगरी रस्ते खडी-मातीचेच होते त्या काळात, तुरमाले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. गड्यानं सायकल खांद्यावर टाकली, काही तास चालत खालचं गाव गाठलं आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः घण मारून फोर्क जोडला. पंच शेजारी उभे राहून बघत होते. भाता मारायला एका पोरानं मदत केली, म्हणून त्यांनी त्याला वेळेचा दंड ठोठावला. ते पंच पुढच्या जन्मी सोसायटीच्या कमिटीवर निवडून येत असावेत. आमच्याकडे मार्गावर वेल्डिंगची दुकानं भरपूर, पण सायकली कार्बनच्या. वेल्डिंगवाला टिचकी मारून ऐकतो आणि म्हणतो, "प्लॅस्टिक हाय. इथं होणार नाही."

आता मुख्य प्रसंग. हेल्मेट घातलेली पाच माणसं, हँडलवर यंत्रं, रस्त्याच्या मधोमध वाकून खडीचे फोटो काढतायत, एक जण "हा पॅच बघा, अप्रतिम" म्हणतोय. गावानं काय समजावं? आम्हाला खुर्च्या आल्या. पाठोपाठ सरपंच आले, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आले, निवेदनाची झेरॉक्स आली. रस्त्याच्या तोंडाशी योजनेचा फलक होता, लांबी, रक्कम आणि देखभालीची मुदत तपशीलवार लिहिलेला; त्या रस्त्यावर पूर्ण झालेलं काम तेवढंच दिसत होतं.

"साहेब, पाहणी झाली का?" सरपंचांनी विचारलं.

काकांनी आम्ही हौशी लोक आहोत, असं समजावून सांगितलं. सरपंचांचा विश्वास बसेना. हौशीनं या रस्त्यावर कोण येईल?

"मग डांबर पडल्यावर या," ते म्हणाले. "तेव्हा मजा येईल तुम्हाला."

"नाही हो," संगणकवाला उत्साहात बोलून गेला, "डांबर पडलं की आम्ही येणारच नाही."

"का बरं?"

पाचही जण चहाच्या कपात बघू लागले. सदस्यांपैकी एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स फाट्यावरच थांबते. तिथवर झोळीतून न्यावं लागतं." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, पाऊस किती पडतो ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग आम्हाला अजून एकेक चहा घ्यायला लावला. काकांनी निवेदनाची झेरॉक्स घडी घालून त्या चिकट जाकिटाच्या मागच्या खिशात, केळ्याशेजारी ठेवली, आणि पुण्यात आल्यावर योग्य त्या टेबलावर नेऊन दिली. बँकेतला माणूस, पोच घेतल्याशिवाय परतला नाही.

तेव्हा माझं मत डांबराला. सायकलवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. आपल्या डांबराचा स्वभाव पाहता दोन पावसाळ्यांत ते पुन्हा खडीवर येतं, आणि तोवर शेजारच्या खोऱ्यातला रस्ता उखडलेला असतोच.

जाणार असाल तर दसरा झाल्यावर जा. ओढे उतरलेले असतात आणि गवत अजून पिवळं पडलेलं नसतं. तो पितळी जोड ड्रॉवरमधून काढून खिशात टाका. गुरांसाठी लावलेलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. चहाचे पैसे द्यायचा प्रयत्न करा. घेणार नाहीत, तरी करा. आणि टपरीवर सायकलची किंमत विचारलीच, तर घरी सांगितली आहे तीच सांगा. आकडा दोन्हीकडे एकच असलेला बरा. आजकाल खोऱ्यातही नेटवर्क येतं.